‘बरा आसा’ म्हणून थांबू नका: गरोदर महिला आणि डॉक्टर-नर्स यांच्यातला संवाद इतका महत्त्वाचा का?

मालवण तालुक्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात गरोदर महिलांच्या तपासणीचा दिवस असला की एक संवाद हमखास ऐकू येतो. सिस्टर विचारतात, “काय त्रास?” समोरून उत्तर येतं, “काय नाय, बरा आसा.” वजन होतं, बीपी होतं, गोळ्या हातात पडतात आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं जातं.

बहुतेक वेळा सगळं खरंच बरं असतं. पण काही वेळा त्या ‘बरा आसा’मागे दोन दिवसांपासूनची डोकेदुखी असते, बंद केलेल्या लोहाच्या गोळ्या असतात, किंवा आधीच्या बाळंतपणातली सासूसमोर न सांगता येणारी एखादी गोष्ट असते. ती बोलली गेली नाही तर तपासणी होऊनही उपयोग होत नाही.

गरोदरपणातल्या संवादात नेमकं काय अडतं, सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर त्याला कोणते वेगळे पदर आहेत, आणि कायद्याने व सरकारी योजनांनी बाईला काय विचारण्याचा हक्क दिला आहे, ते समजून घेऊया.

‘तपासणी’ आणि ‘संपर्क’ यांत फरक काय?

भारतात प्रत्येक गरोदर महिलेच्या किमान ४ तपासण्या व्हाव्यात असा नियम आहे. पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली आपल्या शिफारशी बदलल्या आणि ४ ऐवजी ८ वेळा भेट व्हावी असं सांगितलं. त्या वेळी आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा कमी झाली. ‘भेट’ या शब्दाऐवजी ‘संपर्क’ हा शब्द वापरला गेला. कारण सरळ होतं. बाई दवाखान्यात येऊन गेली, रजिस्टरमध्ये नोंद झाली, म्हणजे भेट झाली. पण तिला काय होतंय ते समजून घेतलं, तिला माहिती दिली आणि ती तिला कळली, तरच संपर्क झाला.

महाराष्ट्रात आता बाळंतपणं बहुतांशी दवाखान्यातच होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात हे प्रमाण ९४.७ टक्के होतं. २०१८-२० या काळात राज्यातला माता मृत्यू दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतका होता. देशाचा त्याच काळातला आकडा ९७ होता. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोहोचते आहे. पोहोचल्यावर तिचं ऐकलं जातं का आणि तिला सांगितलेलं समजतं का, हा आता पुढचा प्रश्न आहे.

सिंधुदुर्गात गोष्ट वेगळी का आहे?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा तसा लहान. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत आणि साक्षरता ८५ टक्क्यांहून जास्त. बायका शिकलेल्या आहेत, वाचतात, मोबाइल वापरतात. तरी इथल्या काही गोष्टी संवाद अवघड करतात.

पहिली गोष्ट माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत कोकणात अजून टिकून आहे. लग्न होऊन मुंबई, ठाणे, पुणे किंवा गोव्यात गेलेली मुलगी सातव्या महिन्यात ओटी भरून मालवणात येते. पहिले सहा महिने एका डॉक्टरकडे, शेवटचे तीन दुसऱ्याकडे. मधल्या काळातले रिपोर्ट, सोनोग्राफी, ‘त्या मॅडमांनी काय सांगितलं होतं’ हे सगळं तिच्या पिशवीत आणि आठवणीत असतं. पिशवी मुंबईत राहिली तर नव्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरी गोष्ट चाकरमान्यांची. नवरा मुंबईत आणि बायको गावी, अशी घरं इथे पुष्कळ. निर्णय घ्यायची वेळ आली की फोन फिरतात. नवरा कामावर असतो, रेंज मिळत नाही, सासरे ‘त्याला विचारूया’ म्हणतात, आणि तास निघून जातो.

तिसरी गोष्ट अंतराची. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तळाशीलही तशीच, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथून मालवणचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं, गुंतागुंत असेल तर कसालमार्गे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. तिथे २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्याहून गंभीर असेल तर गोव्यातलं बांबोळी, म्हणजे मालवणपासून शंभराहून अधिक किलोमीटर, किंवा घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलनं झाली होती. बांबोळीवर हा जिल्हा किती अवलंबून आहे, ते त्यातून दिसलं.

चौथी गोष्ट पावसाची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याच काळात मच्छीमार घरात पैशांची चणचण असते आणि रस्त्यावर झाडं पडण्याची, वीज आणि रेंज जाण्याची शक्यताही सर्वाधिक. जून-जुलैत तारीख असलेल्या बाईची तयारी मे महिन्यातच बोलून ठेवावी लागते.

१९९४ साली सेरीन थडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी माता मृत्यूंमागचे ‘तीन उशीर’ मांडले. पहिला, मदत घ्यायचं ठरवण्यात. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यात. तिसरा, पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यात. दुसरा उशीर रस्त्याचा आणि गाडीचा. पहिला आणि तिसरा मात्र बऱ्याच अंशी बोलण्याचा आहे.

एकच शब्द, दोन अर्थ

बाई मालवणीत विचार करते, सिस्टरशी अर्धी मालवणी अर्धी मराठी बोलते, आणि डॉक्टर कदाचित विदर्भातून किंवा मराठवाड्यातून नेमणुकीवर आलेले असतात. यात अर्थ निसटू शकतो.

‘अंगावर जाता’ हेच बघा. कुणासाठी याचा अर्थ पांढरं जाणं, कुणासाठी पाणी जाणं, कुणासाठी रक्त जाणं. पांढरं जाणं अनेकदा साधं असतं. नवव्या महिन्याआधी पाणी जाणं म्हणजे पिशवी फुटलेली असू शकते. रक्त जाणं म्हणजे लगेच निघायचं. म्हणून रंग, किती कपडे किंवा पॅड भिजले आणि कधीपासून, या तीन गोष्टी सांगणं गरजेचं. बाईने सांगितल्या नाहीत तर सिस्टरने विचारायला हव्यात.

‘माका गरगरता’ यामागे कमी हिमोग्लोबिन असू शकतं, उपाशी पोट असू शकतं, वाढलेला बीपीही असू शकतो. ‘डोळ्यांपुढे काळोख येता’ हे जर सतत डोकं दुखण्याबरोबर येत असेल तर ते अशक्तपणावर ढकलून चालत नाही. गरोदरपणात बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असणं, त्यासोबत डोकेदुखी, अंधारी किंवा छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणं ही झटके येण्याआधीची लक्षणं असू शकतात.

‘पोर हलना नाय’ हे वाक्य तर कधीच हलक्यात घ्यायचं नसतं. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली आहे असं आईला वाटलं, तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी तपासून घ्यायचं.

गोंधळ दुसऱ्या बाजूनेही होतो. ‘पाणी कमी आहे’ असं डॉक्टर म्हणतात, ते बाळाभोवतीच्या गर्भजलाबद्दल. घरी मात्र ‘पाणी कमी पिते’ असा अर्थ घेतला जातो. ‘बाळ पायाळू आहे’, ‘वार खाली आहे’, ‘डोकं अजून बसलं नाही’, ‘बॉर्डरलाइन शुगर’ ही वाक्यं दवाखान्यात रोजची असतात. ऐकणारीसाठी ती पहिल्यांदाच असतात, आणि ती घाबरून जाते किंवा समजल्यासारखी मान हलवते.

देवगडकडच्या आंबा बागांमध्ये राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांतल्या किंवा कर्नाटकातून कामासाठी आलेल्या बायकांसाठी तर मालवणी आणि मराठी दोन्ही परक्या. तिथे बहुतेकदा नवरा किंवा एखादं शाळकरी मूल दुभाषा होतं. मुलासमोर आई काय सांगू शकेल, हा प्रश्न मग उरतोच.

लाज, सासू आणि एकांत

डॉक्टरांशी बोलायला बायका लाजतात ही तक्रार जुनी आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. १८८३ साली अमेरिकेला निघण्याआधी सेरामपूरच्या सभेत बोलताना त्यांनी स्त्री डॉक्टरांच्या गरजेवर भर दिला होता. पुरुष डॉक्टरांपुढे बायका बोलत नाहीत आणि दुखणं अंगावर काढतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर झाल्या.

शंभर वर्षांनंतर परिस्थिती किती बदलली होती? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० महिलांचा अभ्यास केला, तो १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के महिलांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. त्याआधी कधी तपासणी करून घेतलेल्या फक्त ८ टक्के होत्या. त्रास नव्हता म्हणून त्या गप्प नव्हत्या. विचारणारं कुणी नव्हतं आणि सांगायला जागा नव्हती.

आज तपासणीच्या खोलीत बहुतेकदा सासू, आई किंवा जाऊ सोबत असते. त्यांचा आधार मोठा असतो, पण काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलता येत नाहीत. आधीचा गर्भपात, घरातली मारहाण, नवऱ्याचं दारू पिणं, मनातली उदासी, शरीरसंबंधाबद्दलचे प्रश्न, हे त्यातले काही. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ-बी यांच्या तपासण्या होतात; त्यांचा निकाल आधी त्या बाईलाच, एकटीला सांगायचा असतो. एचआयव्हीबद्दलची गुप्तता तर २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे.

यावर एक साधा उपाय अनेक ठिकाणी वापरला जातो. पोट तपासताना सोबतच्या व्यक्तीला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगायचं, आणि हे प्रत्येकीच्या बाबतीत करायचं. म्हणजे ‘हिलाच का एकटी ठेवली?’ असा संशय येत नाही.

डॉक्टर-सिस्टरची बाजू काय?

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिलांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासून सुरू असलेला हा दिवस उपयोगी आहे, पण त्या दिवशी गर्दीही होते. एका बाईच्या वाट्याला काही मिनिटं येतात. त्यातच वजन, बीपी, रक्त, नोंदी, ऑनलाइन भरणा.

त्या दिवशी जोखीम असलेल्या महिलेच्या कार्डावर लाल स्टिकर लावलं जातं. जोखीम नसेल तर हिरवं. लाल स्टिकर लागलं की ‘तुमच्याकडे जास्त लक्ष ठेवायचं आहे आणि त्याचं कारण हे’ एवढं एक वाक्य बोललं गेलं, तर बाई घाबरत नाही आणि पुढची तपासणी चुकवत नाही. कारण न सांगता लागलेलं स्टिकर गावात मात्र ‘काहीतरी वाईट आहे’ म्हणून फिरतं.

वेळ कमी असला तरी चालणारी एक पद्धत आहे. ‘समजलं का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर आईला काय सांगाल?’ असं विचारलं की काय समजलं आणि काय राहिलं ते लगेच कळतं. यात बाईची परीक्षा नसते. सांगणाऱ्याने नीट सांगितलं का, ते त्यातून तपासलं जातं.

लोहाच्या गोळ्यांचं उदाहरण घ्या. गरोदरपणात १८० दिवस रोज एक गोळी द्यायची असते. शौचाला काळं होतं, मळमळतं, पोट घट्ट होतं, म्हणून अनेकजणी मध्येच थांबतात. ‘बाळ काळा होतला’ किंवा ‘मोठा होतला’ अशी भीतीही कुठे कुठे असते. गोळ्या देताना ‘शौचाला काळं होईल, घाबरू नका, चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या’ एवढं सांगितलं तर गोळ्या डब्यात पडून राहत नाहीत. आणि बाईने ‘मी घेत नाय’ असं खरं सांगितलं तर तिला ओरडा न बसणं तितकंच महत्त्वाचं. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी ती ‘घेतंय’ म्हणते.

मासळीचं काय?

दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यांवर दूध, पालेभाज्या, डाळी, फळं असतात. मालवणच्या ताटात भात, मासळी, कुळथाची पिठी, सोलकढी असते. त्यामुळे ‘मासे खाऊ की नको?’ हा प्रश्न इथल्या प्रत्येक गरोदर बाईच्या मनात असतो आणि क्वचितच विचारला जातो.

नीट शिजवलेली ताजी मासळी गरोदरपणात चांगली. तारली आणि बांगडा या लहान माशांत प्रथिनं आणि बाळाच्या मेंदूसाठी उपयोगी स्निग्धाम्लं भरपूर असतात. मोठ्या शिकारी माशांमध्ये पारा साठतो, म्हणून शार्क गटातले मासे गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळावेत असा सल्ला जगभर दिला जातो. कोकणात मात्र दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला मोरीचं कालवण देण्याची पद्धत आहे. मोरी म्हणजे शार्कच. हा विषय बाळंतपणाआधीच आईशी आणि डॉक्टरांशी बोलून घेतला तर घरात वाद होत नाही. बीपी वाढलेलं असेल तर खारवलेली सुकी मासळी किती खायची, हेही विचारायला हवं.

कार्ड आणि फाइल: तुमची बाजू मांडणारे कागद

नोंदणी झाली की माता आणि बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते सिस्टरच्या रजिस्टरची नक्कल आहे असं समजून अनेकजणी कपाटात ठेवतात. खरं तर रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरसमोर तुमच्या वतीने बोलणारी तीच एक गोष्ट असते.

माहेरी येताना किंवा दवाखाना बदलताना या गोष्टी सोबत हव्यातच:

- कार्ड आणि सगळ्या सोनोग्राफीचे रिपोर्ट
- रक्तगट, तो निगेटिव्ह असेल तर नवऱ्याचा रक्तगट आणि ‘अँटी-डी’ इंजेक्शन घेतलं असल्यास त्याची तारीख
- शेवटचं हिमोग्लोबिन आणि साखरेच्या तपासणीचा निकाल
- आधी सीझर झालं असेल तर कधी आणि कशामुळे, त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड
- सुरू असलेल्या गोळ्या आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का

या सगळ्याचे फोटो काढून स्वतःच्या, आईच्या आणि नवऱ्याच्या मोबाइलवर ठेवले तर पिशवी विसरली तरी काम भागतं. दवाखान्याकडे स्वतःच्या नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्यात, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत म्हटलं आहे.

फोन लावताना काय सांगायचं?

अचानक त्रास झाला की आशाताईला, सिस्टरला किंवा १०८ ला फोन लागतो. घाबरल्यामुळे ‘लवकर येवा’ एवढंच बोललं जातं. त्याऐवजी पाच गोष्टी एका दमात सांगितल्या तर पलीकडची व्यक्ती लगेच कामाला लागू शकते:

- कितवा महिना, कितवं बाळंतपण
- काय होतंय आणि कधीपासून
- आधीचं काही: सीझर, बीपी, शुगर, कमी रक्त
- वाडी, ओळखीची खूण, गाडी कुठपर्यंत येते
- सोबत कोण आहे आणि त्यांचा नंबर

या लक्षणांत वाट बघायची नाही: रक्त जाणं, महिने भरण्याआधी पाणी जाणं, सतत डोकं दुखणं किंवा अंधारी, झटके, दम लागणं, ताप, पोटात जोराची न थांबणारी कळ, बाळाची हालचाल कमी होणं. बाळंतपणानंतर पॅड भराभर भिजत असेल तर तेही याच यादीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर माता मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण आहे.

‘रेफर’ म्हणजे काय, ते सांगितलं जातं का?

‘ओरोसला न्या’, ‘बांबोळीला न्या’ हे शब्द ऐकले की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. इथे हात झटकले असा समज होतो, कधी भांडणंही होतात. अनेकदा कारण साधं असतं: रक्तपेढी नाही, भूलतज्ज्ञ नाही, नवजात बाळासाठीचा अतिदक्षता विभाग नाही. ते कारण स्पष्ट सांगितलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि पुढच्या रुग्णालयाला आधी फोन केला, तर वेळही वाचतो आणि विश्वासही टिकतो.

घरच्यांनी त्या वेळी चार प्रश्न विचारावेत. का पाठवताय? कुठे, आणि तिथे कळवलंय का? गाडी कोणती, सोबत कोण येणार? वाटेत काय झालं तर काय करायचं? सरकारी दवाखान्यातून पाठवत असतील तर या प्रवासाचा खर्च घरच्यांनी करायचा नसतो.

लेबर रूममधला आवाज

कळा सुरू असताना कानावर पडलेले शब्द बायका आयुष्यभर विसरत नाहीत. ‘तेव्हा बरं वाटत होतं, आता ओरडतेस?’ अशा धाटणीची वाक्यं अनेकींनी ऐकलेली असतात. याला ‘पद्धतच आहे’ म्हणून सोडून दिलं जायचं.

२०१५ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये मेगन बोहरेन आणि सहकाऱ्यांनी ३४ देशांमधल्या ६५ अभ्यासांचा आढावा घेतला. बाळंतपणात होणाऱ्या गैरवागणुकीचे सात प्रकार त्यांनी मांडले. त्यात मारहाण आणि शिवीगाळ आहेच, पण बाई आणि आरोग्य कर्मचारी यांच्यातला तुटलेला संवाद हाही एक स्वतंत्र प्रकार आहे. अपुरे कर्मचारी, एकच खोली, पडदा नसणं ही व्यवस्थेची कारणंही त्यांनी नोंदवली. म्हणजे दोष नेहमी एका सिस्टरचा नसतो.

भारतात दोन ठोस पावलं उचलली गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक व्यक्ती ठेवायला परवानगी दिली. बाळंतपणाचा अनुभव असलेली घरातली बाई सोबत असावी असं त्यात अपेक्षित होतं. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातली सन्मानाची वागणूक हा दर्जाचा निकष बनला. सोबतीचा फायदा आकड्यांतही दिसतो. १५ हजारांहून अधिक महिलांचा समावेश असलेल्या अभ्यासांच्या आढाव्यात, सतत सोबत असलेल्या महिलांची नैसर्गिक बाळंतपणं वाढलेली आणि सीझर कमी झालेली आढळली.

म्हणून नवव्या महिन्याच्या तपासणीतच विचारून ठेवावं: ‘माझ्यासोबत आत कोण राहू शकेल?’

सही करण्याआधी

सीझरचा निर्णय अनेकदा काही मिनिटांत घ्यावा लागतो. राज्यात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात २५.४ टक्के बाळंतपणं सीझरने झाली होती. म्हणजे दर चारातली एक. ही शक्यता आधीच बोलून ठेवलेली असेल तर ऐनवेळची सही नुसता अंगठा ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीबद्दल स्पष्ट निकाल दिला. उपचार काय आहे, का करायचा, पर्याय कोणते, धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे रुग्णाला समजेल असं सांगून घेतलेली संमतीच खरी संमती. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही करावं लागलं तर गोष्ट वेगळी. आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिचीच असते. नवऱ्याचा फोन लागला नाही म्हणून तिची शस्त्रक्रिया अडून राहायला नको.

ब्रिटनमध्ये २०१५ सालच्या माँटगोमेरी निकालाने हाच मुद्दा आणखी पुढे नेला. मधुमेह असलेल्या एका गरोदर महिलेने बाळाच्या आकाराबद्दल काळजी व्यक्त केली होती. बाळाचे खांदे अडकण्याचा धोका तिला सांगितला गेला नाही. बाळ जन्मताना अडकलं आणि त्याला कायमचं अपंगत्व आलं. न्यायालयाने म्हटलं की कुठला धोका सांगण्याजोगा आहे हे फक्त डॉक्टरने ठरवायचं नाही. त्या बाईच्या जागी असलेल्या व्यक्तीला तो महत्त्वाचा वाटेल का, हेही पाहायचं.

हक्काचं काय आणि तक्रार कुठे?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून लागू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (साध्या बाळंतपणात ३ दिवस, सीझरमध्ये ७ दिवस) हे सगळं मोफत. घरून दवाखान्यात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी जाण्याची गाडीही मोफत. त्यासाठी १०२ आणि तातडीसाठी १०८. आरोग्य सल्ल्यासाठी १०४.

वागणुकीबद्दल किंवा पैसे मागितल्याबद्दल तक्रार असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज करता येतो. खासगी रुग्णालयांना राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. तारीख, वेळ आणि काय घडलं ते तीन-चार ओळींत लिहिलेला अर्ज रागाने भरलेल्या दोन पानांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पुढच्या तपासणीला विचारण्यासारखे दहा प्रश्न

- माझी तारीख कोणती आणि ती कशावरून काढली?
- माझं हिमोग्लोबिन, बीपी आणि साखर किती आहे? त्याचा अर्थ काय?
- माझ्या बाबतीत काही जोखीम आहे का? कोणती?
- ही गोळी कशासाठी, कधी घ्यायची, काय त्रास होऊ शकतो?
- मी काय खावं, कुठली मासळी टाळावी?
- काम, प्रवास, शरीरसंबंध यांबद्दल काय काळजी घ्यायची?
- बाळाची हालचाल कशी लक्षात ठेवायची?
- कुठलं लक्षण दिसलं तर लगेच निघायचं? रात्री कुणाला फोन करायचा?
- माझं बाळंतपण कुठे होईल? गरज पडली तर पुढे कुठे पाठवाल?
- लेबर रूममध्ये माझ्यासोबत कोण राहू शकेल?

सगळे एकाच वेळी विचारायची गरज नाही. दर वेळी तीन प्रश्न कागदावर किंवा मोबाइलवर लिहून नेले तरी पुरे. आणि आत जाताना लाज वाटलीच तर तो कागद सिस्टरच्या हातात द्यायला हरकत नाही. ‘बरा आसा’ म्हणण्याआधी एकदा तो कागद बघायचा, एवढंच.